साहेबांचा कापडी हौद

आधीच सांगून ठेवते, माझे शुद्धलेखन चांगले नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हते आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर वेडेवाकडे आहे. आता तर बोटेही थरथरतात, त्यामुळे ओळ खाली उतरत जाते. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर माफी असावी. तशी मी ती कोणाला दाखवणार नाही. जे बोलायच्या वेळी बोलले नाही, ते कुठेतरी ठेवून द्यावे एवढ्यासाठी लिहिते आहे.

मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी मेडशीच्या पलीकडे एका नाल्यावर धरणाचे काम चालू होते. माळावर कॅम्प होता. मजुरांच्या झोपड्या, सिमेंटचे गोदाम, बाबू लोकांच्या पत्र्याच्या खोल्या आणि जरा उंचावर साहेबांचा बंगला. माझे घरचे, म्हणजे माझा नवरा, तिथे चौकीदार होते, रोजंदारीवर. मी बंगल्यावर धुणे-भांडी आणि झाडलोट करायचे. महिन्याला पंचवीस रुपये मिळायचे आणि बंगल्यामागे राहायला एक खोली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

घरच्यांच्या मनात एकच गोष्ट होती, कायम व्हायचे. रोजंदारीचा माणूस काम संपले की आपल्या गावी जातो. कायम झालेला दुसऱ्या कामावर जातो, त्याला महिन्याचा पगार मिळतो, म्हातारपणीही दोन पैसे मिळत राहतात. साहेबांनी नाव लिहून वर पाठवायचे आणि वरून यादी यायची, अशी रीत होती. म्हणून हे साहेबांची जीप धुवायचे, बुटांना पॉलिश करायचे, बाईसाहेबांसाठी जवळच्या मालेगावच्या बाजारातून भाजी आणायचे. मला रोज सांगायचे, "बाईसाहेबाले नाराज करू नोको व. आपलं सगळं त्यायच्या हाती हाय."

मला सांगायची गरज नव्हती. मी कोणाला नाराज करण्याइतके बोलतच नव्हते.

हौद साहेबांच्या मेहुण्याने परदेशातून पाठवला होता. खोक्यांतून आला. हौद म्हणजे खड्डा खणणार असे आम्हाला वाटले, आणि घरच्यांनी कुदळ-फावडे काढूनही ठेवले होते. पण हा हौद जमिनीवर उभा राहिला. वाकवलेले पत्रे एकमेकांना नट-बोल्टने जोडले, गोल रिंगण झाले, छातीइतके उंच. त्याच्या आत निळे जाड कापड सोडले, रबरासारखे. काठावरून आत-बाहेर करायला लोखंडी शिडी. दुरून तो कणगीसारखा दिसायचा. कामावरच्या बाया जाता-येता हसायच्या, साहेबाच्या घरी पाण्याचं पीक मोप आलं, कणगीत भरून ठेवलं म्हणायच्या. त्याच बाया पिण्याच्या पाण्यासाठी नाल्यात झिरा उकरून वाटी वाटीने घागर भरत. हौद टँकरने भरला जाई.

बंगल्यातल्या पिण्याच्या माठाला मी हात लावत नसे. बाईसाहेबांनी तसे तोंडाने कधी सांगितले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ओसरीवर एक लोटा ठेवला आणि हा तुझा म्हणाल्या, तेवढ्यात मी समजले. हौद घासायला मात्र मलाच आत उतरावे लागे, अंगावरच्या लुगड्यासकट. मग त्याच पाण्यात त्यांची मुले डुंबत. ह्याचा विचार त्यांनी केला नसावा, मी केला होता.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास माळावरचा वारा बोचायला लागतो. पाण्यात पाय घालवत नाही. म्हणून दिवाळीला हौद झाकायचा आणि होळीला उघडायचा, असे साहेबांनी ठरवले. पहिल्या वर्षी ते स्वतः खुर्ची टाकून बसले आणि सगळे करवून घेतले. पाला जाळीने काढायचा. कापड मऊ फडक्याने पुसायचे, विटकरीने किंवा नारळाच्या शेंडीने घासायचे नाही. मग नळी लावून पाणी सोडायचे, पण गुडघाभर ठेवायचे. हौद पूर्ण रिकामा केला तर कापड आखडते आणि पत्रे वाऱ्याने हलतात, पाण्याच्या वजनाने सगळे जागच्या जागी राहते, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या पाण्यात पांढरी पावडर टाकायची. शिडीला तेलाचा हात फिरवून ती कोठीत ठेवायची. शेवटी वरून ताडपत्री घालून काठाखाली दोर आवळायचा. ताडपत्री मधे खोल जाऊ नये म्हणून तिच्याखाली जीपच्या टायरची ट्यूब हवा भरून ठेवायची. ट्यूब फुगवण्याचे काम घरच्यांचे. ते पंप मारताना साहेबांकडे बघत राहायचे, की साहेब बघतात की नाही.

साहेब वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आणि ते घेणारे नव्हते. ठेकेदाराच्या चहालाही हात लावत नाहीत, अशी त्यांची कॅम्पभर ख्याती होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साहेब कामासाठी नागपूरला गेले, आठ-दहा दिवसांकरता. दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराची बैलगाडी बंगल्याच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. भुईमुगाच्या शेंगांची पोती आणि तुपाचा डबा. गाडीवाल्याने मालकाने दिवाळीची भेट पाठवली म्हणून सांगितले. मला वाटले बाईसाहेब परत पाठवतील. त्यांनी डबा आत नेला आणि पोती ओसरीवर उतरवून घेतली. शेंगा त्यांना माहेरी पाठवायच्या होत्या. कॅम्पवर सामान घेऊन येणारा एक ट्रक परत जाताना तिकडूनच जायचा.

पण ट्रक लगेच नव्हता, आणि साहेब तर येणार होते. त्यांना पोती दिसून चालणार नव्हते. कोठीत ठेवली तर किल्ली साहेबांकडे. आमच्या खोलीत ठेवू म्हटले तर आम्हालाच पाय पसरायला जागा नव्हती. बाईसाहेब अंगणात उभ्या राहून इकडे-तिकडे बघत होत्या. मग त्यांची नजर हौदावर गेली. झाकायची वेळ आलीच होती.

हौद पूर्ण रिकामा करून कोरडा पुसा, पोती आत ठेवा आणि वरून ताडपत्री आवळा, असे त्यांनी घरच्यांना सांगितले. मी म्हणाले, साहेबांनी गुडघाभर पाणी ठेवायला सांगितले आहे. त्या घरात मी उलट बोललेले ते पहिले वाक्य.

"अगं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "ट्रक आला की काढू. मग भर ना तुझं गुडघाभर पाणी."

घरच्यांनी मला डोळ्यांनी गप्प केले आणि पोते पाठीवर घेतले. मी हौदात उतरून खालून हात देत होते. एका पोत्याची शिवण उसवली होती, चार शेंगा खाली सांडल्या. आमची मुलगी बाहेर पत्र्याला टेकून खेळत होती. तिच्या बापाने पोते काठावर टेकवले तेव्हा त्यातून पडलेल्या शेंगा तिने मुठीत घेतल्या. मी बाहेर येऊन तिच्या हातावर चापट मारली आणि शेंगा परत पोत्यात टाकल्या. लोकांच्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढेच मला आईने शिकवले होते. मुलगी रडायला लागली. बाईसाहेब म्हणाल्या, "मारतेस कशाला? खाऊ दे की चार."

हे वाक्य त्या पुढे विसरल्या, की लक्षात ठेवले, हे मला आजही ठरवता येत नाही.

साहेब आले. हौद झाकलेला पाहून खूश झाले. पाणी ठेवले का म्हणून विचारले, तर माझ्या आधी बाईसाहेबच हो म्हणाल्या. ट्रक चार दिवसांत आला नाही. महिना होऊन गेला. मी रोज सकाळी अंगण झाडताना ताडपत्रीखाली खुडखुड ऐकायचे. माळावरचे उंदीर. बाहेर पिके निघालेली, शेते उघडी पडलेली, आणि इथे पत्र्याच्या कणगीत शेंगा. मी घरच्यांना सांगितले, त्यांनी बाईसाहेबांना सांगितले. बाईसाहेब म्हणाल्या, आता साहेब घरी असताना उघडायचे कसे.

शेवटी साहेब धरणावर गेलेले असताना ट्रक आला. घाईघाईने पोती काढली. दोन पोती निम्मी झाली होती. खालचे कापड जिथे पोती होती तिथे कुरतडलेले, कुठे बोट जाईल, कुठे मूठ जाईल अशी भोके. बाकी कापड चांगले होते. बाईसाहेब काठावरून वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ताडपत्री परत बांधा, कोणाजवळ बोलू नका, साहेबांना मी सांगेन माझ्या पद्धतीने.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी घरच्यांना म्हणाले, आपणच जाऊन साहेबांना सांगू. ते चुलीपुढे बसले होते. म्हणाले, "सांगू अन् मंग? बाईचं नाव घेऊन त्यायच्या घरात भांडण लावू? यादीत नाव घालतील काय मंग आपलं?" मी म्हटले, साहेब न्यायाचा माणूस आहे. ते म्हणाले, "न्यायाचा हाय, पन नवरा हाय." मी तव्यावरची भाकरी उलटली.

होळीच्या आधी साहेबांनी हौद उघडायला लावला. घरच्यांनी दोर सोडला, ताडपत्री बाजूला ओढली. साहेबांनी आत पाहिले. आत थेंब नव्हता. कापड आखडून पत्र्यापासून सुटले होते. साहेब शिडी लावून आत उतरले. त्यांनी भोकांतून बोट फिरवले आणि कापडाच्या चुणीतून मूठभर टरफले काढली.

"ही टरफलं इथे कशी आली?"

बाईसाहेब ओसरीवरून आल्या. त्यांचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता. म्हणाल्या, "मी हिला कितीदा सांगितलं. पाणी सगळं सोडून देते, मुलीला आत खेळायला सोडते, हातात शेंगा देते. मग उंदीर येणार नाहीत तर काय होईल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. घरचे त्यांच्या पाठीमागे ताडपत्रीची घडी घालत होते. त्यांचे हात थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. थोडीशीच, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही इतकी. नाही म्हणून.

"खरं आहे का हे?" साहेबांनी विचारले.

"हो जी," मी म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी हातातली टरफले काठावर ठेवली. म्हणाले, पैशांचा प्रश्न नाही, पण दुसऱ्याच्या वस्तूची किंमत कळली पाहिजे. अकोल्याहून नवे कापड आणले, एकशे ऐंशी रुपये पडले. ते पैसे साहेबांनी भरले आणि माझ्या पगारातून महिन्याला पंधरा कापायचे ठरले. मला हातात दहा रुपये मिळू लागले. पगार बाईसाहेबच देत. देताना त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नसत, नोटेकडे बघत.

घरच्यांनी माझे फार कौतुक केले. "लय चांगलं केलं तू," म्हणाले. "एकदा यादी आली का सगळं भरून निघते बघ." मुलीचे दूध बंद केले. तिला चहात भाकर कुस्करून द्यायचे. यादी येईपर्यंतच, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो.

यादी पावसाळ्यात आली. बाबूंच्या खोलीबाहेर चिकटवली होती. हे सकाळीच गेले, नवा सदरा घालून. दुपार टळून गेल्यावर आले आणि दारातच उभे राहिले, आत येईनात. यादीत नाव नव्हते. बाबूने कागद काढून वाचून दाखवला होता. साहेबांनी शेरा लिहिला होता. माणूस प्रामाणिक आहे, पण घरच्या माणसांवर त्याचा धाक नाही, त्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान झाले आहे, चौकीदाराच्या कायम जागेसाठी शिफारस करता येत नाही.

मी हातातले सूप खाली ठेवले. मला वाटले आता हे बंगल्यावर जातील आणि सगळे सांगतील. आता लपवण्यासारखे काय राहिले होते?

"तुयानं झालं हे," ते म्हणाले.

"म्या काय केलं?"

"हो कोन म्हटलं साहेबाले? तू म्हटलं ना?"

"मान तुमी हालवली."

"मान हालवली. हो म्हन म्हणून सांगतलं होतं काय म्या?"

त्या दिवशी मी जेवण केले नाही. पण दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले, कारण पैसे फिटायचे होते. ते फिटेपर्यंत काम सोडता येत नव्हते. खोलीही त्यांचीच होती.

पुढे पुढे घरचे लोकांना सांगू लागले की बायकोच्या निष्काळजीपणाने कायम नोकरी हुकली. आधी ते मला समोर बघून थांबायचे. नंतर माझ्यासमोरही सांगायचे. सांगता सांगता त्यांना ते खरे वाटू लागले असावे. सासूबाई गावाकडून, धनजहून, भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "या पोट्टीनं बापाची नोकरी खाल्ली व, शेंगांसंगं." सगळे हसले. मुलगीही हसली, तिला काय कळणार. ते बोलणे घरात कायमचे राहिले. ती मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी कोणी भुईमूग आणला की कोणीतरी म्हणायचेच. तिने त्या शेंगांतली एकही खाल्ली नव्हती. मीच तिच्या मुठीतून काढून घेतल्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीला साहेब पुन्हा खुर्ची टाकून बसले. सगळे पहिल्यापासून सांगू लागले, मऊ फडके, पावडर, गुडघाभर पाणी, लहान मुलाला सांगावे तसे. मी हौदात उभी होते. पाणी सोडता सोडता गुडघ्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी नळी बंद करायला सांगितली. ते पाणी इतके गार होते की पिंढऱ्या दुखत होत्या. साहेब हळू आवाजात म्हणाले, "यंदा मुलीला आत सोडू नको हं."

आजूबाजूला कोणी नव्हते. घरचे ट्यूब आणायला गेले होते. मी फडके पिळत उभी राहिले. माझ्याकडे वाक्य तयार होते, कितीतरी महिन्यांपासून तयार होते. साहेब, माझी मुलगी हौदात कधी उतरली नाही. एवढेच. मग पुढचे त्यांनी विचारले असते. मी तोंड उघडले, आणि बाईसाहेब चहाचा कप घेऊन आल्या. कप त्यांनी साहेबांच्या हातात दिला आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या, हौद झाकून होईपर्यंत. साहेबांनी विचारले, "काही म्हणत होतीस?" मी म्हटले, काही नाही जी, पाणी गार हाय.

लोक मला लाजाळू म्हणतात. चांगला शब्द आहे, बाईमाणसाला शोभतो. मला तो ऐकला की त्या पाण्याची आठवण येते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या खोलीचे छप्पर गळत होते. रात्रभर मुलीला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवावे लागे. तेव्हा मला हौदातून काढलेल्या त्या जुन्या कापडाची आठवण झाली होती. भोके एका बाजूलाच होती. बाकीचे कापड आमच्या खोलीवर सहज पुरले असते आणि उरलेही असते. पण पैसे फिटले नाहीत तोवर ते मागायचे नाही, असे मी मनाशी ठरवले. फिटले की ते माझे. वर्षभर एवढ्या एका गोष्टीवर मी तग धरला. दर महिन्याला पंधरा कापले की वाटायचे, आणखी एवढे कापड माझे झाले.

पुन्हा होळी आली. हौद उघडला, पाणी जसेच्या तसे होते. साहेबांनी शाबास म्हटले. त्याच आठवड्यात पगाराचा दिवस होता. बाईसाहेबांनी माझ्या हातात दहाची नोट ठेवली आणि म्हणाल्या, "हा शेवटचा हप्ता. आता तुझं काही देणं राहिलं नाही."

मी जागची हलले नाही. त्यांना वाटले मी ऐकले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितले.

"मंग ते जुनं कापड मले द्या," मी म्हणाले. "पैसे म्या देल्ले त्याचे."

बाईसाहेबांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिले. रागाने नाही.

"ते होय?" त्या म्हणाल्या. "ते ठेकेदाराच्या माणसानं नेलं गं. सिमेंट झाकायला. मागच्या पावसाळ्यातच नेलं. मला काय माहीत तुला हवं होतं."

मी नोट पदराच्या गाठीला बांधली आणि उरलेली भांडी घासून टाकली. घरी आले तेव्हा हे बाजेवर पडले होते. मी नोट त्यांच्या उशाशी ठेवली आणि म्हटले, फिटले. त्यांनी कूस बदलली.

पुढच्या महिन्यात बाईसाहेबांनी मला पंचवीस रुपये दिले.